शब्दचर्चा : पॅरामीटर ‘ऐच्छिक’ की ‘वैकल्पिक’?

लो-कोडवर (फारसा कोड न लिहिता ॲप बनवायच्या साधनांवर) एकदा लिहून अनेक ॲप्समध्ये वापरायच्या नियमांची मराठी टिपणं तयार करतोय. अशा नियमाची काही इनपुट प्रत्येक वेळी द्यावीच लागतात, काही दिली नाहीत तरी चालतं. या दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे ऑप्शनल पॅरामीटरला, काय म्हणावं? टीममध्ये निम्मे लोक ‘वैकल्पिक’ लिहितात, निम्मे ‘ऐच्छिक’. पॅरामीटरला गणितात ‘प्राचल’ आहे, पण कामाच्या बोलण्यात तो कुणाच्या तोंडी नाही, म्हणून पॅरामीटरच ठेवतोय.

प्रतिसाद

ऐच्छिक. विकल्प म्हटलं की ‘हे किंवा ते’ असं डोळ्यांसमोर येतं. निरोप ईमेलने पाठवायचा की एसएमएसने, यातलं एक निवडावंच लागतं. तिथे मार्ग वैकल्पिक. टीप जोडायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. तिथे टीप ऐच्छिक.

प्रतिसाद

‘वैकल्पिक’ला अगदीच चूक ठरवू नका. संस्कृत व्याकरणात विकल्प म्हणजे ‘कार्य होईल किंवा होणार नाही’. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘न वेति विभाषा’ (१.१.४४). म्हणजे ऑप्शनल नियम हा आपल्याकडे जुना विषय आहे. मात्र आजचा मराठी वाचक विकल्पाचा अर्थ पर्याय असाच घेतो, हे मान्य. टिपणात ‘ऐच्छिक’च लिहा.

प्रतिसाद

‘ऐच्छिक’ला माझंही मत. पण हा शब्द फक्त नियम वापरणाऱ्याची बाजू सांगतो, इच्छा त्याची. त्याने काही दिलं नाही तर नियम काय धरून चालणार, हे त्यात येत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

त्यासाठी मराठी व्याकरणात नेमका शब्द आहे : अध्याहृत. ‘इकडे ये’ म्हटलं की ‘तू’ अध्याहृत असतो. उच्चारलेला नाही, पण कोण ते ठरलेलं आहे. डिफॉल्ट व्हॅल्यूला ‘अध्याहृत मूल्य’ म्हणावं आणि टिपणात दोन्ही जोडीने लिहावं : ‘तारीख : ऐच्छिक, अध्याहृत मूल्य आजची तारीख’. हा दुसरा भाग लिहिता येत नसेल, तर ते पॅरामीटर अजून ऐच्छिक झालेलं नाही, नुसतं रिकामं सोडलेलं आहे.

एक उदाहरण घ्या. अंतिम रक्कम काढणारा नियम आहे, इनपुट रक्कम आणि सवलत. सवलत दिली नाही तर ग्राहकाच्या गटाची ठरलेली सवलत लावायची. आता कुणी मुद्दाम ० दिलं, म्हणजे ‘याला सवलत नको’. ‘दिलं नाही’ आणि ‘शून्य दिलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपियन या लो-कोड साधनात नाव घेऊन इनपुट देताना एखादं वगळलं तर ते नल (म्हणजे कोणतंच मूल्य नसलेलं) येतं, त्यामुळे फरक ओळखता येतो. आउटसिस्टम्स या दुसऱ्या साधनात अनिवार्य नसलेलं आकड्याचं इनपुट दिलं नाही आणि वेगळं डिफॉल्टही ठरवलेलं नसलं, तर ते ० होतं. तारीख असेल तर १ जानेवारी १९००. तिथे ० वरून हेतू कळणार नाही. ‘गटाची सवलत लावायची का’ असं हो-नाहीचं वेगळं इनपुट ठेवावं लागतं.

म्हणून टिपणात नलला ‘शून्य’ कधीही लिहू नका. ‘रिक्त’ म्हणा.

प्रतिसाद

‘अध्याहृत’ फार आवडला. ते मूल्य भरायचं कुठे, तेही टिपणात यावं. नियमाच्या सुरुवातीलाच, एकदा. त्यासाठी पॉवर ॲप्स या साधनात कोअलेस हे फंक्शन आहे, ॲपियनमध्ये डिफॉल्टव्हॅल्यू. दिलेल्यांपैकी पहिलं रिक्त नसलेलं मूल्य घ्यायचं आणि पुढे सगळीकडे तेच वापरायचं. प्रत्येक ओळीत ‘रिक्त असेल तर’ तपासत बसलं की एखादी ओळ सुटतेच.

मूळ प्रश्नकर्ता

ठरलं, ऐच्छिक आणि अध्याहृत. पण शोधाच्या नियमात फिल्टर ऐच्छिक असतात. ग्राहक क्रमांक दिला नाही तर तो फिल्टर लागतच नाही. तिथे अध्याहृत काय लिहू?

प्रतिसाद

तिथे अध्याहृत आहे ‘सगळे’, आणि ते तसंच, ठळक अक्षरात लिहा. आधीच्या स्क्रीनवरून ग्राहक क्रमांक यायचा होता आणि काही कारणाने रिक्त आला, तर असा नियम एरर देत नाही. सगळ्या ग्राहकांच्या नोंदी समोर ठेवतो. यादीच्या पानावर हे ठीक आहे. एका ग्राहकाची माहिती दाखवणाऱ्या पानावर ही सरळ माहितीची गळती आहे. ॲपियनमध्ये रिक्त मूल्याचे फिल्टर वगळायचे की नाही हे आपल्याला सांगता येतं, आणि काही सांगितलं नाही तर ते वगळले जात नाहीत. मी तर दोन नियम करेन : एकात ग्राहक क्रमांक अनिवार्य, दुसऱ्यात ऐच्छिक, आणि दुसऱ्याच्या नावातच ‘सर्व’ येऊ द्या.

प्रतिसाद

अजून एक. वापरात असलेल्या नियमाला नवं इनपुट जोडताना त्याचं अध्याहृत मूल्य असं निवडा की जुन्या ठिकाणी उत्तर बदलणार नाही. आणि नियम बोलावताना इनपुट क्रमाने न देता नावाने द्या. क्रमाने दिलेली असतील तर ॲपियनमध्ये इनपुटची संख्या जुळत नाही म्हणून जुनी हाक (नियम बोलावणारी ओळ) तिथेच अडते. नावाने दिलेली असतील तर नवं इनपुट नल येतं आणि जुनं काम सुरू राहतं. तेव्हा टिपणात क्रमाचा रकाना नसला तरी चालेल, नावाचा हवाच.