धानाच्या बांधीत गहू: रोटावेटर मारू की तसाच पेरू?

मौद्याचा बांधीवाला:
राम राम मंडळी. वावर मौदा तालुक्यात, पेंचच्या कालव्यावर. तीन एकर बांधी, जमीन कन्हार, म्हणजे काळी भारी. धान निघाला, आता गहू टाकायचा. मागच्या साली रोटावेटर तीनदा मारला, धसकटं, तणस सगळं गाडलं. माती मैद्यासारखी झाली अन् पहिल्याच पाण्याला वरून पापडी धरली. महिन्याभरात गहू पिवळा. युरियाही पेरतानाच सगळा टाकून मोकळा झालो होतो, आधीच सांगतो, म्हणजे शिव्या एकदाच पडतील.
यंदा गावात एकाकडे झिरो टिल, म्हणजे मशागत न करताच पेरणारं यंत्र आलं. पण बाबा म्हणतात, न वखरता पेरणं हे आळशाचं काम. त्यात डीएपी खत मिळेना. दुकानदार म्हणतो सुपर फॉस्फेट घ्या.

कुहीचा काका:
भाऊ, आधी फावडं घे. वीतभर खड्डा कर अन् बाजूच्या मातीत सुरी टोचत खाली जा. जिथं अडली तिथं चिखलणीनं अन् रोटावेटरनं दाबलेला थर. रोटावेटर तो फोडत नाही, त्याच्या वरच नाचतो. तो उन्हाळ्यात जमीन तापली की नांगरानं फोड, आता ओलीत नको. आता यंत्रानंच पेर. बी दोन इंचाच्या खाली जाऊ देऊ नको. बाबांना म्हणा, डिझेल वाचलं.

धुऱ्यावरचा:
पिवळेपणाचं कारण तुमच्याच लिहिण्यात आहे. ताजं तणस गाडलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी खातात, गव्हाला उरत नाही. यंदा ते वरच राहू द्या, जाळू मात्र नका.
सुपर फॉस्फेट चालेल, उलट त्यात गंधकही आहे. ओलिताच्या गव्हाला हेक्टरी 120:60:40 धरा, म्हणजे एकरी साधारण 48 किलो नत्र, 24 स्फुरद, 16 पालाश. स्फुरदासाठी सुपरच्या 3 बॅगा, पालाशला पोटॅश 27 किलो. युरिया एकरी 105 किलो होतो: अर्धा पेरताना, अर्धा 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हाच्या पाण्याला. डीएपी असता तर युरिया कमी लागला असता, कारण त्यात 18 टक्के नत्र असतं. अन् युरिया बियाच्याच नळीतून सोडू नका, कोंब जळतो.

मौद्याचा बांधीवाला:
आताच वावरातून आलो. सुरी चार बोटांवर अडली, काका. बाबाही सोबत होते. त्यांनी स्वतः टोचून पाहिली, काही बोलले नाहीत, पण घरी येऊन यंत्रवाल्याचा नंबर मागितला. एकच अडचण, एका बांधीत पाणी अजून साचून आहे, पाय रुततो.

कुहीचा काका:
ती बांधी वाफसा आल्याशिवाय पेरू नको. बाकीच्या दोन आधी उरक.