सुरक्षा स्कॅनर म्हणतो ओपनएसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) जुनं आहे. आवृत्ती बदलू का?

रात्रपाळी:
डेबियन १२ या लिनक्स वितरणाचे सहा सर्व्हर सांभाळतो. अपडेट दर आठवड्याला न चुकता घेतो. काल सुरक्षा तपासणीचा अहवाल आला आणि सहाही सर्व्हरवर लाल शेरा आहे: ओपनएसएसएच ९.२पी१, सीव्हीई-२०२४-६३८७ (जाहीर सुरक्षा त्रुटीचा क्रमांक), ९.८पी१ वर न्या. ॲप्टला (डेबियनच्या पॅकेज अपडेट करायच्या साधनाला) विचारलं तर नवीन काही नाही म्हणतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. साहेबांचं म्हणणं, सोर्सवरून ९.८ कंपाइल करून टाक. करू का?

कळफलक:
नका करू, अगदी कळकळीने सांगतो. एकदा हाताने कंपाइल केलंत की ॲप्टचं त्या एसएसएचडीवरचं (ओपनएसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रामवरचं) लक्ष सुटतं. पुढचं भोक सापडेल तेव्हा ते बुजवायचं तुम्हालाच, तेही सहा ठिकाणी.

आधी डीपीकेजीने (बसवलेल्या पॅकेजची माहिती देणाऱ्या कमांडने) पॅकेजची पूर्ण आवृत्ती काढा. ९.२पी१-२+डेब१२यू३ किंवा त्यापुढची दिसली तर हे भोक बुजलेलं आहे. ९.२पी१ हा मूळ प्रकल्पाचा आकडा, तो डेबियन १२ मध्ये हलत नाही. दुरुस्ती झाली की शेपटातला 'यू' पुढचा आकडा वाढतो. मूळ प्रकल्पाने ९.८ मध्ये केलेल्या बदलांपैकी या त्रुटीपुरता भाग डेबियनने उचलून ९.२ ला लावला. यालाच बॅकपोर्ट म्हणतात.

स्कॅनर बाहेरून २२ नंबरच्या पोर्टवर येतो, बॅनर (जोडणी होताच सर्व्हर पाठवतो ती नाव-आवृत्तीची ओळ) वाचतो आणि आकड्यांची तुलना करतो. डेबियनच्या बॅनरमध्ये शेपूटही असतं, पण पुष्कळ स्कॅनर ते वाचतच नाहीत. रेड हॅट ९ या दुसऱ्या लिनक्स वितरणावर तर नुसतं ओपनएसएसएच ८.७ एवढंच दिसतं, त्यावरून काहीच कळत नाही.

आकड्यावर किती विसंबायचं ते याच त्रुटीत बघा. ती ८.५पी१ मध्ये शिरली. म्हणजे डेबियन ११ मधलं ८.४पी१ ९.२ पेक्षा जुनं असूनही तिच्यापासून मोकळं होतं. उलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकुंचनाच्या साधनातलं चोरदार उघडकीला आलं, ते तेव्हाच्या सगळ्यात ताज्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होतं. डेबियन स्टेबलमध्ये (स्थिर आवृत्तीत) ते पोचलंच नव्हतं.

तपासणीवाल्यांना तीन गोष्टी पाठवा: पॅकेजची पूर्ण आवृत्ती, चेंजलॉगमधली (पॅकेजच्या बदलांच्या नोंदीतली) सीव्हीई क्रमांकाची ओळ आणि डेबियन सिक्युरिटी ट्रॅकरचं त्या सीव्हीईचं पान. शिवाय पुढच्या वेळी लॉगिन देऊन आतून स्कॅन करा म्हणावं, म्हणजे पॅकेजची यादीच तपासली जाईल.

जुनी_खिडकी:
वरचं सगळं पटतं. पण 'बॅकपोर्ट असेल' असं गृहीत धरून अहवाल बाजूला सारू नका, प्रत्येक शेरा चेंजलॉगशी ताडा. वितरणाचा आधारच संपला असेल तर बॅकपोर्ट येणार कुठून? सेंटओएस ७ या वितरणाचा आधार ३० जून २०२४ ला संपला. तिथे स्कॅनरचा शेरा गंभीरपणेच घ्यावा लागतो. बाहेरच्या रेपॉझिटरीतून (पॅकेजच्या साठ्यातून) घेतलेल्या पॅकेजचंही तसंच, तिथे दुरुस्तीची हमी डेबियनची नसते.

आणि रीस्टार्ट! २०१४ च्या हार्टब्लीड त्रुटीच्या वेळी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचा १.०.१ई हा आकडा तसाच ठेवून डेबियन आणि रेड हॅटने दुरुस्ती दिली होती. पण लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनीच वापरत राहतो. नीडरीस्टार्ट हे साधन चालवून बघा, कुठल्या सेवा जुन्यावर अडकल्यात ते सांगतं.

रात्रपाळी:
दोघांचे मनापासून आभार. पाच सर्व्हरवर यू३ च्या पुढची आवृत्ती निघाली, चेंजलॉगमध्ये सीव्हीईची ओळही सापडली. सहाव्यावर मात्र यू२ च आहे! कोणीतरी पूर्वी ते पॅकेज होल्डवर (अपडेट रोखून) ठेवलेलं, म्हणून ॲप्ट गप्प होतं. होल्ड काढून आत्ताच अपडेट केलं. त्या सर्व्हरचा शेरा खरा होता असं उत्तरात स्पष्ट लिहितोय, बाकी पाचांचे पुरावे जोडतोय.