मदत हवी आहे: ढोलीत ककणेर आणि शेजारी मोहोराची फवारणी

नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. बांधावर आजोबांच्या वेळचा रायवळ आंबा, त्याला दोन पुरुष उंचीवर ढोली. थंडी पडल्यापासून ककणेराची (कवड्या धनेश पक्ष्याची) जोडी सकाळी तिथे येते. मादी ढोलीत मान घालून आतला भुसा उपसते, नर चोचीत उंबर धरून शेजारच्या फांदीवर. लक्षणं घरट्याचीच! एकदा मादीने आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेतलं की तिचा आणि पिल्लांचा सगळा भार नरावर. तो दगावला तर आतले उपाशी, म्हणून जिवाला घोर.

मोहोरावरच्या तुडतुडे किडीसाठी फवारणी करावीच लागणार. ती टाळा असं कृपया सांगू नका, वर्षाचं पीक आहे. पण रायवळाच्या आजूबाजूची किती कलमं सोडावीत? धनेश पिल्लांना फळांबरोबर किडे-सरडेही भरवतो, म्हणून विचारतोय. त्यातल्या त्यात कमी घातक औषध कोणतं? गडी ढोलीखालची सुकी फांदी तोडू म्हणतो, त्याला तूर्त थांबवलंय. आणि निरीक्षण करायचं तर किती लांबून?

फोटो मुद्दाम टाकत नाही, उगाच जत्रा भरेल. ज्यांच्या बागेत घरटं झालंय त्यांनी जरूर सांगा.