मदत हवी आहे : बीएन-१एफचं आरसी (रिमोटवर उडणारं) मॉडेल, पंख कसा बसवावा?

मंडळी,
माझा मामा नौदलात होता, कोचीला आयलंडर या छोट्या दोन इंजिनी विमानांच्या देखभालीवर. त्याच्यासाठी मॉडेल करतोय, पण आयलंडरचं नाही, ते सगळेच करतात. आयलंडरवाल्या जॉन ब्रिटन आणि डेझ्मंड नॉर्मन जोडगोळीचं पहिलं विमान, बीएन-१एफ. एका सीटचं, चिमुकलं. १९५१ मध्ये उडालं. आधी जेएपीचं दोन सिलिंडरचं इंजिन (हो, मोटारसायकलवाले जेएपी), नंतर लायकॉमिंग. एकच नग झाला. पुढे दोघं पिकांवरच्या हवाई फवारणीच्या धंद्यात शिरले आणि आयलंडर उडायला १९६५ उजाडलं.

मॉडेल दीड मीटर पंखाचं, बाल्सा (हलकं लाकूड) आणि प्लायचं, इलेक्ट्रिक मोटर. गाडी अडलीय पंखापाशी. पॅरासोल आहे, म्हणजे पंख बॉडीला टेकत नाही, पायलटच्या डोक्यावर दांड्यांवर उभा. डिकीत न्यायला सुटा हवा. पियानो वायरच्या दांड्यांवर रबरबँडने बांधून पाहिला, तर नुसत्या बोटाने डुलतो. शिवाय मोटर पंखाच्या बरीच खाली येते, थ्रॉटल दिल्यावर नाक वर जाईल ना?

मूळ विमान इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या सोलेन्ट स्काय संग्रहालयात आहे. तिकडे कुणी आहे का? नेटवरचे फोटो सगळे लांबून काढलेले, दांड्या बॉडीत कुठे शिरतात ते दिसतच नाही.

बाल्साबुवा : रबरबँड सोडा. पुढच्या-मागच्या दांड्यांमध्ये बारीक वायरची कैची (तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या वायर) द्या, सांधे तांब्याच्या तारेने गुंडाळून डाग (सोल्डर) द्या. डुलणं तिथेच थांबेल. वर प्लायची पट्टी, पंख नायलॉन बोल्टने. आपटलं तर बोल्ट तुटतो, पंख वाचतो. नाक वर जाणारच. मोटर तीन अंश खाली झुकवून सुरुवात करा, पण आधी मोटर बंद ठेवून ग्लाइड जमवा. ग्लाइडच बिघडलेला असेल तर मोटरशी खेळून उपयोग नाही.

धागाकर्ता : धन्यवाद काका! बोल्ट एम४ (४ मिमी जाडीचा) की एम५?

बाल्साबुवा : एम४, दोन पुढे दोन मागे. एम५ तुटत नाही, मग प्लायच उखडते.

रीडिंगकर : साउथॅम्प्टन इथून, रीडिंगहून, ट्रेनने तासाभरावर. पुढच्या आठवड्यात जातेय, लेकालाही विमानं बघायचीत. फोटो कुठले हवेत ते नीट लिहून ठेवा, शेपटीचेही हवेत का?

धागाकर्ता : ताई, हवेत! शेपूट वरून मिळाली तर फारच उत्तम. आणि दांड्यांच्या बुडाशी शक्यतो फूटपट्टी धरून.