मदत हवी आहे: प्राणीसंग्रहालय या विषयातून शिशुवर्गाला मोजणी आणि प्राण्यांची ओळख

शिशुवर्गात १६ मुलं आहेत, वयं साडेतीन ते साडेचार. दोन आठवड्यांचा विषय ‘प्राणीसंग्रहालय’. हाताशी प्लॅस्टिकच्या प्राण्यांचं पाकीट, बुटांची खोकी आणि चित्रकार्डं आहेत. मुलं वीसपर्यंत घडाघडा म्हणतात, पण पाच माकडं मोजून झाल्यावर "किती?" विचारलं की पुन्हा एकपासून सुरू. बिबट्या, चित्ता, सगळेच "वाघ". लहान-मोठा घेतलं की गोंधळ. शेवटी राणीच्या बागेत सहल आहे, तिथे काय करून घ्यावं?

प्रतिसाद १
ताई, अंक म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण संख्या, हे या मुलांना अजून उमगलेलं नाही. म्हणून "किती?" कमी विचारा आणि "मला चार माकडं दे" जास्त सांगा. मूल मूठभर उचलून देत असेल तर त्याच्यासाठी सध्या तीनपर्यंतच थांबा, मग वर्ग कितीही पुढे गेलेला असो.

अंड्यांचा ३० चा ट्रे घ्या. त्यात पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन ओळी कापल्या की दहा पिंजरे तयार. प्राणी मावत नसतील तर बाटल्यांची बुचं ठेवा. मोजलेलं बूच खळग्यात गेलं की तेच दुसऱ्यांदा मोजलं जात नाही. टेबलावर पसरून मोजताना नेमकी हीच दुबार मोजणी होते. शिवाय भरलेली ओळ म्हणजे पाच, हे हळूहळू नुसतं बघून कळायला लागतं. चिंचोके टाळा, या वयात ते नाकात जातात.

रोज एक खेळ घ्याच: पाच माकडं, चार कागदी केळी. वाटण्याआधी विचारा, "पुरतील का?" मग एकेकाला एक वाटू द्या. उरलेल्या माकडाकडे बोट दाखवून मूल "याला नाही मिळालं" म्हणतं, तेव्हा कमी-जास्त खरं समजलेलं असतं.

अंककार्डं लावणार असाल तर मराठी आणि इंग्रजी एकाच दिवशी नकोत. मराठी १ आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखे दिसतात.

प्रतिसाद २
गावाकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, म्हणजे मुलांचं उत्तर घरातून आलेलं असू शकतं. "चूक" म्हणू नका, "पट्टे की ठिपके?" विचारा. दोन दिवस फक्त वाघ आणि बिबट्या. चित्ता नंतर: त्याचे ठिपके भरीव असतात, बिबट्याचे मधून पोकळ, आणि चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. ही रेघ मुलांना पटकन सापडते. कार्डं आधी नीट तपासा, बिबट्याच्या चित्राखाली ‘चित्ता’ छापलेलं असतं.

लहान-मोठ्याचा गोंधळ पाकिटामुळे होतोय. त्यात हत्ती आणि माकड एकाच उंचीचे असतात, मग मूल बिचारं बरोबरच सांगतं! ती खेळणी आकारासाठी वापरू नका. जमिनीवर खडूने पावणेतीन मीटरची रेघ ओढा, ती हत्तीची उंची. शेजारी ६५ सेंटिमीटरची, ती राणीच्या बागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनची. मुलांना रेघेशेजारी झोपवा. पेंग्विन आपल्यापेक्षा बुटका निघतो आणि हत्तीला दोन-तीन मुलं लागतात.

धागाकर्ती
आभार. पायांवरून वर्गवारी आता घेऊ का?

प्रतिसाद २
घ्या. दोन पाय, चार पाय अशी दोन खोकी ठेवा आणि शेवटी हातात साप द्या. तो कुठल्याच खोक्यात बसत नाही, तेव्हा तिसरं खोकं आणून त्यावर ० लिहा. शून्य शिकवायला याहून सोपी वाट नाही. पेंग्विन बहुतेक मुलं चारमध्ये टाकतील. पंख म्हणजे पाय नव्हेत, हे कार्डावर बोट ठेवून दाखवा.

प्रतिसाद १
सहलीला चार मुलांमागे एक मोठं माणूस हवं. प्रत्येक मुलाच्या कार्डावर चारच चित्रं, प्रत्येकापुढे पाच रिकामे चौकोन. एक प्राणी दिसला की एक फुली. पेंग्विन मोजायला लावू नका, ते पाण्यात सतत फिरतात आणि मोजणी फसते. बसलेली हरणं आणि कासवं चांगली. बुधवारी बाग बंद असते, तेवढं बघून दिवस ठरवा.