मधुमेही रुग्णांची डिजिटल आरोग्य साक्षरता कशी मोजावी?

प्रश्न:
मी सामुदायिक आरोग्य परिचर्या या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तालुक्याच्या रुग्णालयात मधुमेहाच्या गोळ्या नेण्यास येणाऱ्या रुग्णांसाठी मी ‘ईहील्स’ ही मापनी मराठीत आणली; इंटरनेटवरून आरोग्याची माहिती शोधणे, पारखणे आणि वापरणे, म्हणजेच डिजिटल आरोग्य साक्षरता, मोजण्यासाठी ती आहे. कॅनडातील नॉर्मन व स्किनर यांनी २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यात आठ विधाने असून एकूण गुण ८ ते ४० यांच्या दरम्यान येतात. प्राथमिक चाचणीत एका साठीच्या गृहस्थांनी जवळजवळ प्रत्येक विधानाला ‘पूर्ण सहमत’ असे उत्तर दिले. पुढे बोलताना कळले की मोबाइल मुलाचा आहे, शोधाशोधही तोच करतो, आणि कडुलिंबाच्या रसाने साखर उतरते हा व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश वाचून यांनी गोळ्या निम्म्या केल्या आहेत. त्यांचे गुण भरपूर आले. ते मी कशाचे समजावेत?

पहिले उत्तर:
आत्मविश्वासाचे. ‘मला माहीत आहे’, ‘मला जमते’ अशी विधाने माणसाचा स्वतःविषयीचा समज मोजतात, त्याचे कौशल्य नव्हे. शिवाय ही मापनी मुळात शाळकरी व तरुण मुलांवर तपासली गेली होती. नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वसामान्य प्रौढांना संगणकावर प्रत्यक्ष कामे करायला दिली, तेव्हा मापनीचे गुण आणि पार पाडलेली कामे यांचा मेळ बसला नाही. त्याच गटातील व्हान डर व्हार्ट आणि ड्रॉसार्ट यांनी २०१७ मध्ये २१ प्रश्नांची नवी प्रश्नावली केली आणि तिला प्रत्यक्ष कौशल्य पाहणारे सात प्रश्न जोडले. माहितीची विश्वासार्हता ओळखणे आणि खासगीपणा जपणे हे भागही तिच्यात आहेत. आपल्या गृहस्थांची अडचण नेमकी विश्वासार्हता ओळखण्यात आहे.

दुसरे उत्तर:
भाषांतराकडेही पाहावे. ‘आरोग्यविषयक संसाधने’ असे छापले की रुग्ण मान डोलावतो आणि आपण ती सहमती म्हणून लिहून घेतो. प्रत्येक विधान वाचून दाखवल्यावर ‘यातून तुम्हाला काय समजले, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे दहा-पंधरा जणांना विचारावे. मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत नेऊन मूळाशी ताडण्याच्या ‘उलट भाषांतरा’तून न दिसणाऱ्या चुका तेथे सापडतात. मुलाच्या मदतीने मोबाइल वापरणाऱ्याला निरक्षर ठरवू नये, मात्र मदतीची नोंद वेगळी ठेवावी. डेन्मार्कमध्ये विकसित झालेली, सात घटकांची ‘ईएचएलक्यू’ प्रश्नावली डिजिटल सेवा वापरणाऱ्याच्या गरजांना अनुरूप आहेत का, हेही विचारते. ते मला फार मोलाचे वाटते, कारण अहवाल फक्त इंग्रजीत देणाऱ्या व्यवस्थेचा दोष रुग्णाच्या गुणांत उतरता कामा नये. आणि त्या गृहस्थांना गोळ्यांबाबत डॉक्टरांकडे पाठवले का?

प्रश्नकर्ती:
हो, त्याच दिवशी; त्यांचा डोस पूर्ववत झाला आहे. आता मापनीबरोबर दोन कामे ठेवावीत असा विचार आहे: मोबाइलवरील अहवालात उपाशीपोटीची साखर शोधणे, आणि दोन संदेशांपैकी कोणता ग्राह्य व का ते सांगणे.

पहिले उत्तर देणारे:
दोन्ही कामे योग्य आहेत. त्यांचे गुण मापनीच्या गुणांत मिळवू नका, शेजारी ठेवा, म्हणजे आत्मविश्वास अधिक आणि कौशल्य कमी असलेले रुग्ण वेगळे दिसतील. दुसऱ्या कामातील चुकीच्या संदेशाबद्दलचा खुलासा मात्र रुग्ण खोलीबाहेर जाण्यापूर्वीच करावा.