विषय: मुलांना खेळायला पाठवण्याआधीचा प्रश्न

सप्रेम नमस्कार,

गेल्या शनिवारी माझा नऊ वर्षांचा मुलगा इथे अमेरिकेतल्या आपल्या मंडळातल्याच एका मित्राकडून खेळून आला आणि बूट काढता काढता सहज म्हणाला, "त्याच्या बाबांकडे खरं पिस्तूल आहे, कपाटात वरच्या खणात, मोज्यांच्या मागे." मोज्यांच्या मागे! म्हणजे दोघांनी बघितलं होतं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्या घरी फोन केला. ते अजिबात रागावले नाहीत, त्याच दिवशी त्यांनी कुलपाची पेटी आणली. पण हा फोन मी मुलाला पाठवण्याआधी करायला हवा होता. कुत्रा चावरा आहे का, हे आपण विचारतोच ना? मग "घरात बंदूक आहे का, आणि असेल तर रिकामी करून कुलपात ठेवली आहे का" हेही विचारू या. 2020 पासून या देशात 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, गाडीचे अपघातसुद्धा तिच्या मागे पडलेत.

— बालवर्गातल्या एका मुलाची आई

---

ताई, नमस्कार.

बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी स्वतः आठ वर्षं पिस्तूल बाळगून आहे, नेमबाजीच्या रेंजवर नियमित जातो. मला कोणी असं विचारलं तर मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही.

मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, राहिलेली असू शकते. आधी मॅगझीन काढायचं, मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची, चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधली वरची गोळी चेंबरमध्ये चढते आणि आपण मात्र निर्धास्त. नळी तेव्हाही कोणाच्या दिशेने नको, बोट ट्रिगरवर नको. गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. परवानाधारक दुकानदाराला पिस्तुलासोबत कुलूप द्यावंच लागतं, 2005 पासून तसा केंद्राचा कायदा आहे. ते खोक्यात पडू देऊ नका.

एच-वन (नोकरीच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी मुद्दाम लिहितो: शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला कायद्याने बंदी आहे. मित्राबरोबर रेंजवर जाण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

— रेंजवर जाणारा एक सभासद

---

दोघांनाही नमस्कार,

लहान मुलांबद्दल बोलणं झालं, मला मोठ्यांबद्दल बोलायचंय. आमच्याकडे चांगली भक्कम तिजोरी होती. तिचा आकडा? मुलाची जन्मतारीख. तो सोळा वर्षांचा असताना काही महिने जेवायचा नाही, बोलायचा नाही. समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घरात बंदूक आहे?" यजमान म्हणाले, "आहे, पण कुलपात." मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मला उघडता येते."

या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. स्वतःच्या जिवावर उठण्याची ती घडी बहुतेकदा निघून जाते, पण हाताशी बंदूक असली तर माणूस क्वचितच वाचतो. म्हणून त्या काळात नुसता आकडा बदलून भागत नाही, बंदूक घराबाहेरच गेली पाहिजे. आम्ही पोलीस ठाण्यात चौकशी करून ती ठेवायची सोय केली. मित्राकडे ठेवायची असेल तर आधी आपल्या राज्याचा नियम बघा, सगळीकडे सारखा नाही. आणि 988 हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीचा मदतीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा, दिवसरात्र कोणीतरी बोलायला असतं.

मुलगा आता कॉलेजात आहे. हे लिहू का, असं त्यालाच विचारलं होतं. "लिही" म्हणाला.

— तुमची एक काकू

---

काकू, मेल दोनदा वाचली. त्याला माझे आशीर्वाद सांगा.

येत्या शनिवारी चार मुलं आमच्याकडे येणार आहेत. त्यांच्या पालकांसाठी: आमच्या घरी बंदूक नाही. पुढच्या शनिवारी मुलं ज्यांच्याकडे जाणार आहेत, त्यांना मी उद्या फोन करते आहे.

— बालवर्गातल्या मुलाची आई